उठवे महाराजांचा कानमंत्र

सभागृहात खुर्च्या पाचशे आणि माणसं हजारभर. ज्यांना खुर्ची मिळाली ते उठायला तयार नव्हते, ज्यांना मिळाली नाही ते भिंतीला पाठ लावून उभे होते. सगळ्यांच्या माना मात्र मंचाकडे. मंचावर एक जाड गादी, गादीपाशी डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली एक चौतिशीची बाई, आणि तिच्या कानाशी वाकलेले उठवे महाराज. झोपलेल्यांना उठवतात म्हणून उठवे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव काय होतं, ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही.

महाराज तिच्या कानात काहीतरी पुटपुटले. बाईचा जबडा सैल पडला, मान लटकली, गुडघे दुमडले आणि ती गादीवर कोसळली. सभागृहात कुणीतरी "अगं आई गं!" म्हणालं.

"देहाचा दिवा मी विझवला!" महाराज माईकमध्ये गरजले. "जीव सातव्या पडद्याआड गेला. तिथून परत कोण आणणार? डॉक्टर?"

"नाही!"

"गोळ्या?"

"नाही!"

"मग कोण?"

"महाराज!"

महाराजांनी डोळे मिटले, हात उंचावला आणि आकडे मोजायला सुरुवात केली. मोजायचे साठपर्यंत, पण पन्नाशीनंतर जरा रेंगाळायचे. बाईची बोटं हलली, मान सावरली, की मग "साठ!" ती उठून बसली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. दुसऱ्या रांगेतले एक म्हातारे व्हॅनवाले काका तर डोळे पुसत होते.

आता गंमत ऐका. ती बाई कुठल्याही पडद्याआड गेली नव्हती. ती गादीवरच होती, तिला बोट हलवता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. माईक लांब धरून महाराज चेल्याला जे म्हणाले, तेही ऐकू आलं.

"मिनिटभर टिकते ही. लाइट हिच्या तोंडावर मार."

या बाईला तिचा दीर वहिनी म्हणे, आपणही वहिनीच म्हणू. वहिनी एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसायची. काम सोपं: कार्ड काढायचं, तारखेचा शिक्का मारायचा, पुस्तक द्यायचं. पण गेली अकरा वर्षं वहिनीला दिवसा झोप यायची. तुम्हाआम्हाला जेवल्यावर येते तशी डुलकी नव्हे. बोलता बोलता, जिना चढता चढता, हातातला घास तोंडाकडे नेता नेता झोप यायची. डोळे मिटायचे आणि हात आपलं काम करतच राहायचा. एकदा तिने एकाच पुस्तकावर अकरा वेळा तारीख मारली आणि बारावी मारली वाचकाच्या मनगटावर. जाग आली तेव्हा तो बिचारा मनगट पुढे धरून तसाच उभा होता. त्या दिवसापासून वाचनालयात तिचं नाव 'डुलकीबाई' पडलं.

घरी सासूबाईंचं पालुपद ठरलेलं. "सूर्य आला डोक्यावर आणि सूनबाई उशीवर!" नवरा छापखान्यात मशीनवर. दिवसभर खडखडाट ऐकून आलेला माणूस, त्याला घरात फक्त शांतता हवी असायची. वहिनीची बाजू घेणारा एकटा धाकटा दीर. पण त्याची आणखीच पंचाईत. तो पक्का नकलाकार, आणि त्याने नक्कल केली, वहिनीला खरं हसू फुटलं, की वहिनी खाली! एकदा आमटीचं पातेलं घेऊन पडली, तेव्हापासून सासूबाईंनी घरात विनोदावर बंदी घातली. वहिनी स्वतःच हसणं टाळायला लागली. कुणी काही गमतीचं बोलू लागलं की ती दात आवळून दुसरीकडे बघायची. लोक म्हणायचे, काय बाई शिष्ट आहे!

डॉक्टर झाले नव्हते असं नाही. पहिल्याने लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसरा म्हणाला, मन कशात तरी रमवा. तिसऱ्याने रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाला आणि लवकर झोपत जा असा सल्ला दिला. वहिनी नऊलाच झोपायची हो! रात्री दहा वेळा जाग यायची, तो भाग वेगळा. शेवटी ती मोठ्या सरकारी रुग्णालयात गेली, तर तिथल्या बाकावर झोप लागली आणि नंबर निघून गेला. पुढच्या खेपेलाही तेच. झोपेचं औषधपाणी करायचं तर आधी दोन तास जागं राहा, असा तो कारभार.

आणि त्यातच ग्रंथपालांनी सांगून टाकलं, "बाई, माझा तुमच्यावर राग नाही. पण महिनाअखेर डॉक्टरांचा कागद आणा, काय आजार आहे त्याचा. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

अशा वेळी सासूबाई तिला उठवे महाराजांकडे घेऊन गेल्या. पहिल्याच सभेत चमत्कार झाला. दुसऱ्या सभेत झाला, तिसऱ्या सभेत झाला, तो आपण वर पाहिलाच. सात सभांनी झोप कायमची जाणार होती. अटी दोनच. मध्ये औषधाचा थेंब पोटात जाता कामा नये. आणि कानमंत्र कुणाला सांगायचा नाही, फुटला की फळ गेलं.

खरं सांगायचं तर वहिनीलाही ते बरं वाटत होतं. अकरा वर्षं जी आळशी होती, ती एका सकाळीत 'महाराजांनी निवडलेली' झाली. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायला लागल्या. घरात कुणी टोमणा मारेना. झोप मात्र तेवढीच येत होती. पण हे बोलायचं कुणापाशी? दमलेल्या माणसाला कुणी टेकायला भिंत दिली, तर ती कसली आहे हे तो बघत बसत नाही.

तरी त्या "मिनिटभर टिकते ही" ने तिच्या मनात घर केलं होतं. ती तिसऱ्यांदा रुग्णालयात गेली, या वेळी दिराला बरोबर घेऊन. नंबर येईपर्यंत तो तिला कोपराने ढोसत राहिला.

आतल्या डॉक्टरीणबाई स्वतःही थकलेल्याच दिसत होत्या. सकाळपासूनचा साठावा पेशंट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हसताना कधी गुडघे ढिले पडतात का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"पडतात का काय विचारता!" दीर म्हणाला. "हिच्यापायी माझ्या विनोदांना घरात बंदी आहे."

"पडल्यावर शुद्ध असते?"

"सगळं ऐकू येतं," वहिनी म्हणाली. "मिनिटाभराने आपोआप उठता येतं." आणि मग तिने फळाची पर्वा न करता कानमंत्र फोडला. "महाराज मंत्र नाही सांगत हो. विनोद सांगतात. पहिल्या दिवशी म्हणाले, पुढच्या रांगेतल्या शेटजींचा टोप उलटा बसलाय. मी बघितलं, तर खरंच भांग मानेवर!"

"मग?"

"मग पडले."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण दीर हसला नाही. त्याचा चेहरा उतरला. "महाराजांच्या सभेच्या दारात एक ताई वही घेऊन बसतात," तो हळूच म्हणाला. "त्रास काय, कधी होतो, किती वेळ, सगळं लिहून घेतात. पहिल्या सभेला मीही गेलो होतो, वहिनी तिथे दारातल्या बाकावर झोपली होती. मीच लिहून दिलं, हसली की पडते, मिनिटभराने उठते."

इतकं साधं होतं ते. महाराजांना सातव्या पडद्याची नाही, एका वहीची गरज होती.

झोपेच्या तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी चौथ्या सभेची. सासूबाईंनी आकांत मांडला. "हातातोंडाशी आलेलं घालवतेस? महाराजांनी तुला पदरात घेतलंय!"

वहिनीचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही, तेवढी ताकदच नव्हती. "आई, अकरा वर्षं तुम्ही मला आळशी म्हणालात. आता निवडलेली म्हणता. मी दोन्ही नाही. मला काय झालंय त्याचं नाव हवंय. तेवढं कळलं की मग काय हवं ते म्हणा."

नवऱ्याने तिची पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

रुग्णालयात तिला डोक्याला वायरी चिकटवून रात्रभर झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पुन्हा झोपायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला 'झोपा' म्हणत होतं! पाचही वेळा ती तीन-चार मिनिटांत झोपली आणि झोपताच स्वप्नात शिरली. "नार्कोलेप्सी," डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं. "जागं ठेवणारं एक रसायन तुमच्या मेंदूत फार कमी पडतं. स्वप्न पडताना सगळ्यांचंच अंग ढिलं पडतं. तुमचं जागेपणी पडतं, हसू आलं की. पूर्ण बरं होत नाही, पण गोळ्यांनी आणि दुपारच्या ठरलेल्या झोपेने पुष्कळ आटोक्यात राहतं." वहिनीने तो कागद चार वेळा वाचला.

परत निघताना वॉर्डाच्या दारात एका खाटेवरून हाक आली. दुसऱ्या रांगेतले व्हॅनवाले काका होते. एका पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बँडेज.

"पोरी, तुला उठताना बघितलं," ते म्हणाले, "आणि घरी जाऊन मधुमेहाच्या गोळ्या टाकून दिल्या. म्हटलं, आता गोळ्या कशाला? साखर वाढली आणि पायाची जखम चिघळली."

कधी नव्हे ती वहिनी परतीच्या वाटेत झोपली नाही. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "तुमचे छापखान्यातले कानातले बोळे द्या. पाचव्या सभेला जायचंय."

पाचव्या सभेला पुन्हा हजार माणसं. वहिनीने केस कानांवरून सोडले होते. नवरा "बायको जोरात पडते, धरायला थांबतो" म्हणून मागे उभा राहिला. महाराज वाकले, कानात पुटपुटले आणि दोन पावलं मागे सरकले.

वहिनी उभी.

महाराज पुन्हा वाकले. या वेळी जरा लांबलचक मंत्र. वहिनी शांतपणे समोर बघत उभी. तिसऱ्यांदा वाकताना महाराजांच्या कपाळावर घाम आला. लोकांत चुळबुळ सुरू झाली.

वहिनीने दोन्ही कानांतले बोळे काढले, तळहातावर धरले आणि माईक ओढून घेतला. "माफ करा महाराज, काही ऐकूच आलं नाही. जरा मोठ्याने सांगता? सगळ्यांनाच ऐकू द्या मंत्र."

"हिची श्रद्धा आटली!" महाराज ओरडले. "औषध खाल्लंय हिने! लहरी तुटल्या!"

"लहरींना कानाचं भोक लागतं का हो?" दीर मंचावर चढत म्हणाला. त्याने माईक घेतला, एक हात उंचावला, डोळे मिटले आणि थेट महाराजांच्या आवाजात गरजला, "देहाचा दिवा मी विझवला! कारण वीजबिल थकलंय!"

सभागृहात हशा पिकला. आणि वहिनीला, इतक्या वर्षांनी, दात न आवळता, मनापासून हसू आलं. ती नवऱ्याच्या हातांत कोसळली. त्याने तिला हळूच गादीवर ठेवलं.

"आता बघा," दीर म्हणाला. "मी हात वर करत नाही, मोजत नाही, मंत्र म्हणत नाही. नुसता उभा आहे." मिनिटभराने वहिनीची बोटं हलली आणि ती उठून बसली. टाळी एकही वाजली नाही.

मग तिने बसूनच, थांबत थांबत सगळं सांगितलं: दारातली वही, कानातला विनोद, आपोआप संपणारं ते मिनिट, आणि काकांचा पाय. "मी खोटं पडत नव्हते," ती म्हणाली. "पण माझं पडणं यांनी खोट्यासाठी वापरलं, आणि मी गप्प राहिले. ज्यांनी मला बघून गोळ्या सोडल्या असतील त्यांनी आज घरी जाऊन त्या सुरू करा. तुमच्या पाया पडते." तेवढं बोलून तिला तिथेच झोप लागली. झोपेला काय, सभा कळते थोडीच!

महाराज मागच्या दाराने गेले. सगळ्यांचे डोळे उघडले असं मी म्हणणार नाही. बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणतच होते, "काही म्हणा, महाराजांनीच तिच्या तोंडून हे वदवून घेतलं असणार." अशांपुढे कोण काय बोलणार? पण दारातल्या वहीतलं आपापलं पान सात-आठ जणांनी फाडून घेतलं.

माझं मागणं फार मोठं नाही. देव मानू नका, गुरू मानू नका, असं मी कुणाला सांगत नाही. फक्त चमत्कार दिसला की टाळीसाठी हात उचलण्याआधी एक प्रश्न विचारा: हिच्या कानात बोळे असते तर? आणि कुणी तुमची गोळी सोडायला सांगितली, तर आधी उठून त्याच्या दारातली वही बघा.

वहिनी बरी झाली का? नाही. गोळी घेते, तरी दुपारी डोळे जड होतात. ग्रंथपालांनी तो कागद फायलीत लावला आणि पुस्तकांच्या मागच्या खोलीत तिच्यासाठी एक आरामखुर्ची ठेवली. रोज दोनदा वीस-वीस मिनिटं ती तिथे झोपते, राजरोस. डुलकीबाई हे नाव अजून गेलेलं नाही.

परवा संध्याकाळी दीर घरी आला तो हसू दाबतच. दारातूनच म्हणाला, "वहिनी, आधी खाली बस. मग सांगतो."

वहिनी सतरंजीवर बसली. त्याने ग्रंथपालांची अशी काही नक्कल केली की ती हसता हसता आडवी झाली. कुणी हात वर केला नाही, कुणी आकडे मोजले नाहीत. सासूबाई निवडत होत्या ती भाजी बाजूला ठेवून उठल्या आणि त्यांनी सुनेच्या डोक्याखाली उशी सरकवली.