घासलेली वीट

चांदी काळी ठेवायची असते, हे आयली नीमीला सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं, आणि ते तिला मुळीच पटलं नाही.

खाणकामगारांच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा जुन्या चांदीचा बाजार भरायचा. सगळ्या आयडाहो राज्यातून शौकीन यायचे. आयली आपल्या मुलाला, रॉयला, घेऊन आली होती. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली चांदीची वीट होती. तिचा नवरा तोइवो खाणीतली नोकरी सुटल्यावर गावच्या भट्टीत चांदी ओतायचा, त्याच्या हातची ही शेवटची. भट्टी बंद पडली, तोइवोही गेला. विटेचे पैसे आले की बर्फ पडायच्या आत घराचं गळकं छप्पर बदलायचं. नाहीतर घर सोडून रॉयच्या स्पोकेन शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे रॉयने ठरवलं होतं.

प्रेंटिस हा तिथला जुना व्यापारी. त्याने वीट हातावर तोलली, नखाने टिचकी मारून कान लावला.

"चांदी अस्सल आहे. शिक्का वाकडा बसलाय, ते तर फारच छान. अशा शिक्क्यावर लोक जीव टाकतात."

"त्याच शिक्क्यापायी मालकाने तोइवोला अख्ख्या भट्टीसमोर झापला होता," आयली म्हणाली. "तेव्हा कुठे मेले होते तुझे जीव टाकणारे?"

प्रेंटिस हसला. मग त्याने दिवा बाजूने विटेवर धरला आणि त्याचं हसू मावळलं.

"नीमीबाई, हिला कोणी घासलं?"

"कोणी म्हणजे? मी! दर शनिवारी. खायचा सोडा आणि जुना मोजा."

प्रेंटिसने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला. "ओतलेली चांदी थिजताना तिच्यावर वळ्या उठतात, दुधावरच्या सायीसारख्या. शौकीन त्या बघतो. वर चढलेला काळा थर बघतो, म्हणजे कुणी हात लावला नाही याची खात्री पटते. तुमच्या वळ्या झिजल्या. शिक्क्याची कड बोथट झाली. आता ही नुसती चांदी. मोडीचा भाव देईन आणि वितळवायला पाठवीन."

"आणि काळी असती तर?" रॉयने विचारलं.

"पाचपट. कमीत कमी."

"आई! तुला कुणी सांगितलं होतं घासायला?"

"सांगायला कशाला लागतं? या खोऱ्यातली कुठली बाई घरात काळं ठेवायची रे? तुझा बाप खाणीतून यायचा तेव्हा नुसते डोळे दिसायचे. शनिवारी सौनाच्या खोलीत, वाफेत बसवून पाठ घासायचे मी त्याची. त्यालाही काळाच ठेवायला हवा होता का, भाव यावा म्हणून?"

शेजारच्या टेबलावरचा व्यापारी डेल खो खो हसला. मायलेक कॉफी घ्यायला गेले तसा तो मागोमाग आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, अंडं उकडा. बलक कुस्करून विटेबरोबर डब्यात झाकून ठेवा. अशी काळी पडेल की तोइवोसुद्धा फसावा. गिऱ्हाईक माझ्याकडे आहे. काळ्याखाली वळ्या कोण शोधतंय?"

"घरी अंडी आहेत," रॉय पटकन म्हणाला.

"आहेत. ती मी खाणार आहे."

"आई, छप्पर! स्पोकेनला यायचं नाही म्हणतेस, मग हट्ट कसला करतेस?"

"कुणी हात लावला नाही असं लोकांना सांगू? लावला हात! तोइवो गेल्यापासून एक शनिवार चुकला नाही माझा. आणि डेल, तू आपली अंडी दुसऱ्या खुराड्यात शोध."

कॉफी तशीच टाकून ती परत प्रेंटिससमोर उभी राहिली. "तुझ्या काचेच्या पेटीत जागा कर. आणि चिठ्ठी लिही. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. लिही, आयली नीमीने दर शनिवारी घासलेली. किंमत काळ्या विटेची."

"बाई, कोणी घेणार नाही."

"ते मी बघते. तू लिही."

त्याने लिहिलं. ती घडीच्या खुर्चीवर पाय रोवून बसली. लोक यायचे, चिठ्ठी वाचून एकमेकांना कोपराने ढोसायचे. बोईजी शहरातून आलेला एक माणूस म्हणाला, "घासलीत म्हणून काही कमी करा."

"घासल्याची मजुरी लावली नाही, तेच कमी समज."

संध्याकाळी टेबलं आवरायला लागली. वीट पेटीतच होती.

"मोडीचा भाव अजून देतो," प्रेंटिस म्हणाला. त्याच्या आवाजात खोट नव्हती.

"वितळवायचीच असती तर त्याने ओतलीच कशाला असती?" आयलीने वीट टॉवेलात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी चर्च सोडून ती घरामागच्या कोंबड्यांच्या रिकाम्या खोपटाचे पत्रे उचकटायला लागली. रॉय आला तेव्हा ती शिडीच्या वरच्या पायरीवर होती.

"खाली उतर! पडशील!"

"खिळे दे."

"स्पोकेनमध्ये तुझी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय मी."

"मग तिथं तू झोप. खिळे दे आधी."

त्याने शिव्या घातल्या, खिळे दिले आणि शेवटी कोट काढून स्वतःच वर चढला. घराच्या छपराला पत्रे पुरले. अर्धे गंजके, अर्धे हिरवे. असं ध्यान छप्पर खोऱ्यात दुसरं नव्हतं.

बर्फ पडलं. गळती थांबली का ते बघायला रॉय शनिवारी आला, तर आयली खिडकीशी मोजा घेऊन बसलेली.

"आता तरी कशाला घासतेस, आई?"

"डोळे फुटले का तुझे?" तिने वीट उजेडाला धरली. "काळी पडायला लागलीय."