गुरुवारची धून

पहिला भाग

गॉबनिटनं नवऱ्याची बाही धरली. रंगमंचावर फिडलवाली उभी राहिली होती आणि फडक्यानं व्हायोलिनसारख्या त्या वाद्याचा गज पुसत होती.

"सहन होईनासं झालं तर सांग," ती टाइगच्या कानाशी पुटपुटली. "लगेच निघू."

पलीकडून त्याची बहीण पेग वाकली. कॉर्क शहरातल्या या थिएटरची रविवार दुपारची तिकिटं तिनंच काढली होती.

"अगं, सोड जरा त्याला. पळून नाही जात तो. दर गुरुवारी गुरांच्या बाजाराला जातो, वासरू न घेता परत येतो. वासरं बघतो की वासरांच्या मालकिणी, ते विचारलंस कधी?"

गॉबनिट हसली नाही. त्यांचा लहानगा मुलगा फिनबार नदीत बुडून गेला, त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून टाइगनं घरात फिडल वाजवली नव्हती. रेडिओवर फिडल लागली की गॉबनिट धावत जाऊन तो बंद करायची, हात पिठाचे असले तरी. घरात त्या वाद्याचं नाव निघत नसे. आज यायला टाइग 'हो' कसा म्हणाला, हे तिला कळलं नव्हतं.

फिडलवाली मिरन माइकपाशी आली. धून कुणाकडून मिळाली हे सांगितल्याशिवाय कुणी चांगला वाजवणारा सुरुवात करत नाही. तीही सांगू लागली.

"ही कुठल्याच रेकॉर्डवर नाही. टाइग लिहान यांनी बांधली, आणि त्यांनीच मला शिकवली. दर गुरुवारी, आमच्या स्वयंपाकघरात."

पहिला भाग, पुन्हा

गॉबनिटनं नवऱ्याची बाही धरली होती. आता ती बोटं उघडेनात.

दर गुरुवारी. दाराशी गमबूट काढणारा टाइग. 'भाव चढे होते,' म्हणणारा टाइग. गारठला असेल म्हणून ती त्याला शेगडीजवळची खुर्ची द्यायची, आधी सूप वाढायची, मग विचारायची, आणि तो म्हणायचा, भाव चढे होते.

पेगचं तोंड उघडं राहिलं होतं.

दुसरा भाग

मिरन एकटीच वाजवू लागली. बासरीवाला आणि अकॉर्डियनवाला हात आवरून बसले होते. धून साधी होती, दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. दोन सूर सावकाश खाली, मग एक उडी. पुन्हा दोन सूर, पुन्हा उडी.

फिनबार जिना असाच उतरायचा. दोन पायऱ्या शहाण्यासारख्या, पुढची उडी मारून. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असतानाही गॉबनिट सांगायची, तो कुठल्या पायरीवर आहे ते. आताही तिला कळत होतं.

"ती आज हीच वाजवणार, तुला माहीत होतं?" तिनं टाइगला विचारलं.

"होतं."

"मग घरी का नाही वाजवलीस?"

टाइग समोर बघत राहिला. "तू म्हणाली नाहीस."

"काय?"

"वाजव म्हणून. दुखवट्याचं वर्ष संपलं, त्या दिवशी मी फिडल काढून टेबलावर ठेवली होती. आईनं म्हटल्याशिवाय बापानं कशी सुरुवात करायची? मी गोठ्यातून येऊन बघतो, तर तू ती माळ्यावर टाकलेली. म्हटलं, ठीक आहे. अजून नाही."

गॉबनिटला शिडी आठवली. फिडलभोवती गुंडाळलेलं ब्लँकेट आठवलं, त्याच्या चारी कडा तिनं किती घट्ट दुमडल्या होत्या ते.

"मला वाटलं, चुकून बाहेर राहिली," ती म्हणाली. "तुला बघवणार नाही म्हणून उचलली."

टाइगनं मान वळवली. खिशातून काहीतरी वाटेत कधीच पडून गेलंय हे आत्ता कळावं, तसा त्याचा चेहरा रिता झाला.

दुसरा भाग, पुन्हा

टाळ्या. दिव्यांमुळे डोळ्यांवर हात धरून मिरन प्रेक्षकांत शोधत होती. "टाइग आलेत का? या ना वर. एकदा तुम्हीच वाजवा."

लोक माना वळवून बघू लागले.

"ऊठ की रे," पेग म्हणाली. "इतकी वर्षं चोरून वाजवलंस, आता उजळ माथ्यानं वाजव."

टाइग हलला नाही. तो गॉबनिटकडे बघत होता.

"इथं नको," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. कुरकुर नाही, प्रश्न नाही. ती मान डोलावणं बघून तिला टेबलावरून उचललेली फिडल आठवली. ती उठली आणि लोकांच्या गुडघ्यांवरून त्याला बाहेर ओढत घेऊन गेली.

बाहेर, तिकीटखिडकीकडे उतरणाऱ्या जिन्यावर कुणी नव्हतं.

"घरी वाजव," ती म्हणाली. "आज."

"तारा गेल्या असतील. माळ्यावर ओल असते."

"मग तोंडानं म्हण."

वाद्य नसलं की धून तोंडानंच म्हणायची असते. तरुणपणी तो तशी म्हणायचा, आणि अख्खा गाव नाचायचा.

"घरी गेल्यावर?"

"नाही. आत्ता."

ती पायरीवर बसली. आत पुढची धून सुरू झाली होती. टाइगनं परत वर जाऊन, ती ऐकू येऊ नये म्हणून, नाट्यगृहाचं दार बाहेरून नीट लावलं आणि तो तिच्याकडे उतरू लागला.