माझ्या अंगावरची ९९,९९१

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा. दौंडच्या एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले. कासुर्डीच्या शाळेत वीस वर्षे मी पाढे अंगावर वागवले. मग भिंतीवर सिमेंटचा फळा आला आणि मी व्हरांड्यात पालथा पडून राहिलो. १९९८ साली नागसेनने मला शाळेकडून मागून घरी नेले आणि लेकीच्या खाटेजवळ भिंतीला टेकवून ठेवले. तो कुरकुंभच्या कारखान्यात पाळीने कामाला जाई.

त्याची मुलगी भाग्यश्री सातवीत होती. पाय मोडल्यामुळे ती तीन महिने खाटेवर होती. प्लास्टर निघाले, डॉक्टरांनी चालायला सांगितले, पण तिला पाय टेकवायची भीती वाटे. वर्गात मागे पडले, आता शाळाच नको, असे ती म्हणू लागली. एकदा तिच्या बाई घरी आल्या आणि एक प्रश्न देऊन गेल्या, "पाच अंकी सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती?"

मूळ संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच निःशेष भागत नाही. भाग्यश्री खाटेवरून सांगे, नागसेन माझ्यावर लिही. ९९,९९९ ला तीनाने भाग गेला. ९९,९९७ वर दोघांची फार आशा होती, पण तिला एकोणीसने भाग गेला. ९९,९९५ ला पाचाने आणि ९९,९९३ ला तीनाने भाग गेला. मग उरली ९९,९९१. दोन, तीन, पाच, सात असे करत ते तेवीसपर्यंत आले आणि बाकी शून्य आली.

"ही बी गेली," म्हणत भाग्यश्रीने भिंतीकडे तोंड फिरवले. "आण्णा, मला न्हाई जायचं शाळंत."

नागसेन डबा घेऊन दुपारच्या पाळीला निघून गेला.

बऱ्याच वेळाने तिने पुन्हा माझ्याकडे पाहिले. तेवीसच्या भागाकारात शेवटी एकशे एकाहत्तरातून एकशे एकसष्ट गेले की दहा उरतात. थकलेल्या नागसेनने दहातला एक लिहिलाच नव्हता, नुसते शून्य लिहिले होते! पण ते होते माझ्या वरच्या कोपऱ्यात. खाटेवरून हात पुरणार नव्हता.

ती उठली. माझी कड घट्ट धरली. तिचा सगळा भार माझ्यावर आला. तिने शून्याच्या अलीकडे एक लिहिला.

"आये, संख्या वाचली! बाकी धा हाय!"

चुलीपुढून धावत आलेली तिची आई अनसाबाई दारातच थांबली. "अगं, तू हुबी हायेस व्हय!" एवढेच म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

पुढचे सगळे भागाकार भाग्यश्रीने उभे राहून केले. चौथ्या दिवशी शेवटच्या तीनशे तेराने भागले. बाकी एकशे चव्वेचाळीस.

"आता फुडं?" नागसेनने विचारले.

"आता बास, आण्णा. फुडची मूळ संख्या तीनशे सतरा. तिला तिनंच गुणलं तर लाखाच्या वर जातंय, अन् तिच्याहून ल्हान सगळ्या बघून झाल्या. म्हंजी ही मूळच हाय."

सोमवारी नागसेनने तिला सायकलवर शाळेत नेले. फाटकापासून वर्गापर्यंत ती स्वतः चालत गेली.

मित्रांनो, आता मला चिरा पडल्या आहेत. तुमच्या घरी असा एखादा फळा असेल तर त्याला पावसात टाकू नका. आणि चुकलेले गणित लगेच पुसू नका. जरा राहू द्या. ते बरोबर करायला कोणीतरी उठेल.