लांबचा नळ

तिने कुंडी सरकवून नवऱ्याच्या कबरीच्या दगडाच्या उजव्या कोपऱ्यात आणली, बरोबर स्वतःच्या नावापुढे. थोरल्या मुलाने ती उचलून पुन्हा डावीकडे ठेवली.

"आई, तुझं नाव झाकलं जातंय."

"जाऊ दे की. मी काय मेलेय?"

पाथरवट हत्यारं मांडता मांडता हसू दाबून खाली बघू लागला. थोरला चांगलाच कानकोंडा झाला. वडील गेल्यावर एकाच दगडावर दोघांची नावं कोरून घ्यायची हौस त्याचीच. शेजारची जागाही त्याने आईसाठी धरून ठेवली होती. वडिलांच्या नावाखाली दोन सालं होती, आईच्या नावाखाली एकच, आणि पुढे आडवी रेघ. नातेवाइकांनी त्याची पाठ थोपटली होती. आईने मात्र दगड पाहिला आणि तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाजी करपायची, रात्री उठून दाराच्या कड्या तपासायची. आज तर तिने परस्पर पाथरवटाला बोलावलं होतं. थोरल्याला कळलं तेव्हा तो दुकान उघडं टाकून धावत आला.

"खोडता येईल ना?" तिने विचारलं.

पाथरवटाने अक्षरांवरून अंगठा फिरवला. "खोल गेलंय, काकू. तासायचं तर अख्खा दगडच तासावा लागेल. साहेबांचंही नाव जाईल."

"काही तासायचं नाही," थोरला म्हणाला. "आई, नाव कोरलं म्हणून माणूस मरत नाही गं. सगळा जन्म एकत्र काढलात. आता बाबांच्या शेजारी नको, तर कुठे?"

 ती झारी उचलून मागच्या भिंतीकडे चालू लागली.

"अगं, नळ इथे फाटकाशी आहे! तिकडे कुठे निघालीस?"

"तिकडचं पाणी बरं असतं."

हे उत्तर तो लहानपणापासून ऐकत आला होता. आजोबांच्या कबरीवर फुलं ठेवायला सगळे यायचे, तेव्हाही ती अशीच झारी घेऊन लांब जायची. बाबा फाटकाशी खोळंबायचे. 'तुझ्या आईच्या पायाला भिंगरी आहे,' म्हणायचे, आणि दोघं बापलेक हसायचे. आज त्याला हसू आलं नाही. तो चिडूनच तिच्यामागे गेला.

भिंतीलगत तान्ह्या मुलांच्या कबरींची रांग होती. नावं नव्हती, नुसत्या चुना फासलेल्या विटा, त्याही गवतात बुडालेल्या. एकाच विटेभोवतीचं गवत उपटलेलं होतं. आईने नळावर झारी भरली आणि तिथल्या मातीवर हळूहळू रिती केली.

थोरल्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"आई, इथे कोण आहे?"

"तुझ्या आधीची. एक रात्र माझ्या कुशीत होती."

"मला कधी कुणी..."

"बाबा म्हणाले, हा विषय पुन्हा घरात नको. मी नाही काढला. पाणी घालायला तेवढी येत होते." तिने झारी खाली ठेवली. "दगडावर माझं नाव पाहिलं आणि हीच आठवली बघ. तिथे गेले तर हिच्याकडे येणार कोण?"

तो खाली बसला. विटेवरची माती त्याने बोटाने पुसली. मग उगाच पुन्हा पुसली.

लांबून पाथरवटाने हाक दिली, "काकू, काय ठरलं? तासू का?"

"नको!" ती ओरडून म्हणाली. मग थोरल्याला हळूच, "नाव राहू दे तिकडे. त्यांना तेवढं पुरेल."

थोरल्याने विटेपासून भिंतीपर्यंत नजर टाकली. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या विटा होत्या.

"इथे जागा फार थोडी आहे गं," तो म्हणाला.

"मला कुठे फार लागते? मी कुशीवर झोपेन."