झेंडूखालचे दिवे

“सरका जरा, रंभाजी,” म्हणत रंगनाथरावांनी झेंडूची माळ कॉम्प्युटरच्या पेटीवर घालून पाहिली. ती घसरून खाली आली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. शेवटी त्यांनी ती सरळ कीबोर्डवर आडवी ठेवली, हळदीकुंकू वाहिलं आणि हात जोडले. खंडेनवमी होती. जनरेटरला माळ, पाण्याच्या मोटारीला माळ, अंड्यांच्या टेम्पोला तर दोन. अंड्यांतून पिल्लं काढायच्या त्या हॅचरीत कॉम्प्युटर नवाच आला होता आणि मालकांचा त्याच्यावर जरा जास्तच भक्तिभाव होता.

रंभाजी भिंतीला टेकून उभा होता. त्याची नजर कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यावर होती. तिथले तीन बारीक हिरवे दिवे माळेखाली गेले होते.

“दुपारी समदी घरी जातील, सणाचा दिवस हाय,” रंगनाथराव म्हणाले. “तुमी हाय म्हणून आमाला घोर न्हाई. तसं तुमचं आज काय नसतं.”

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. माणूस वाईट नव्हता; मनात येईल ते बोलून मोकळा होणारा होता. रंभाजीचा सण उद्या होता. सुप्याच्या विहारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होता आणि बायकोने, भागिरथीने, दोघांचे पांढरे कपडे कालच धुऊन ठेवले होते. पण हे मालकांना सांगून काय करायचं? त्याने ते वाक्य त्यांच्या ओठांवर वाचलं आणि “व्हय, मालक,” म्हणाला.

ओठांवरच वाचलं, कारण रंभाजीला ऐकू येत नव्हतं.

सुप्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर त्याची उमेदीची वर्षं गेली होती. कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग सायकलची घंटी, मग भागिरथीची हाक. कारखाना बंद पडला आणि या हॅचरीत काम मिळालं ते मान डोलावून मिळालं. रंगनाथराव समोर तोंड करून बोलायचे आणि त्यांना मिशी नव्हती, हे रंभाजीच्या पथ्यावर पडलं. बाकीची माणसं म्हणत, रंभाजी शिष्ट हाय, हाक मारली तर वळून बघत न्हाई. हा शिष्टपणाचा शिक्का त्याने खुशीने मिरवला. शिष्टाला लोक कामावर ठेवतात. बहिऱ्याला कोण ठेवतो?

त्याचं बिंग फुटलं ते एकाच माणसापुढे. नगरहून कॉम्प्युटर बसवायला सम्राट नावाचा इंजिनिअर आला होता. अंडी उबवायच्या कपाटांची उष्णता आता हा कॉम्प्युटर सांभाळणार होता. पडदा मात्र मालकांनी आपल्या केबिनमध्ये नेऊन ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. खोलीत उरली पेटी आणि कीबोर्ड. आता कॉम्प्युटरची सिस्टीम मध्येच कोलमडली तर कळणार कसं? कारण ती कोलमडली की कपाटांचे हीटर होते तसेच राहत. चालू असले तर चालूच. सम्राटने तोड काढली. सिस्टीम मान टाकतानाच पेटी कर्कश टुक टुक वाजू लागेल अशी सोय केली आणि सगळ्यांसमोर वाजवून दाखवली. खोलीतली सगळी डोकी पेटीकडे वळली. एक तेवढं वळलं नाही.

सम्राटने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो स्कूटरवरून आपणहून परत आला आणि दुपारभर खाली मान घालून बसला. तेव्हापासून पेटी वाजली की कीबोर्डचे तिन्ही दिवेही एकदम लुकलुकू लागले. “जनरेटर चालू असला की आवाज ऐकू येत नाही ना,” असं त्याने मालकांना सांगितलं. मग रंभाजीसमोर बसून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “मामा, एरवी हे दिवे बंद असतील. लुकलुकले की पेटीचं हे बटण दाबायचं. आवाजाकडं लक्ष नाही दिलं तरी चालेल.”

रंभाजीने बटणावर बोट ठेवून दाखवलं. या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

त्या दिवसापासून रंभाजीने ते दिवे डोळ्यांत तेल घालून सांभाळले. जेवतानाही डबा मांडीवर आणि नजर कोपऱ्यावर. सिस्टीम अधूनमधून कोलमडायची, दिवे लुकलुकायचे, तो बटण दाबायचा आणि सगळं पुन्हा सुरू व्हायचं. पिल्लं निघायच्या दिवशी मात्र तो कपाटाच्या दारावर तळहात टेकवून उभा राहायचा. आत हजारो पिल्लं टरफलं फोडत असत, चिवचिवत असत. बाकीच्यांना ते कानांनी कळायचं. त्याच्या तळहाताला नुसती थरथर लागायची, आणि तेवढ्यानेही त्याचा दिवस बरा जायचा.

आजही पिल्लं निघायचा दिवस होता. सगळे गेल्यावर त्याने दारावर हात ठेवून पाहिला. थरथर होती. मग तो खोलीत येऊन माळेसमोर बसला.

माळ उचलून बाजूला ठेवायला कितीसा वेळ लागणार होता? त्याने हात पुढे केलाही, आणि मागे घेतला. पूर्वीच्या कारखान्यात एका खंडेनवमीला प्रेसवरचं फूल खाली पडलं होतं. ते त्याने उचलून पुन्हा वर ठेवलं, तर एक जण म्हणाला होता, “राहू दे, तू नको हात लावू.” तेव्हा त्याला थोडंफार ऐकू येत होतं. पुढे बरंच काही ऐकू येईनासं झालं, पण ते वाक्य कानातून गेलं नाही. दुसऱ्याच्या पूजेला हात लावायचा नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं.

त्याने वाकून पाहिलं. एका बाजूने दोन फुलांच्या फटीतून एक दिवा दिसत होता. त्याने खुर्ची तिथे ओढली आणि फटीवर नजर लावून बसला. डोक्यावर पंखा फिरत होता. फुलं सुकत होती, सैल पडत होती. त्यातलं एक केव्हातरी जरासं कलंडलं आणि फट बुजली. दिवा बंदच असायचा, फटीत अंधारच दिसायचा. मघाचा अंधार आणि आताचा अंधार यांतला फरक त्याला कळला नाही.

ऊन कलल्यावर दारात सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. राहीबाई होती. पिल्लं निवडायच्या कामावर होती ती. सणाची पुरणपोळी घेऊन खास त्याच्यासाठी परत आली होती. तिच्या हातात डबा होता आणि चेहरा भलताच झाला होता.

“आवो रंभाजीभाऊ, ते काय बोंबलतंय कवाधरनं? पार रस्त्यापातूर ऐकू येतंय!”

रंभाजी ताडकन उठला. त्याने माळ ओढून फेकली. तिन्ही दिवे लुकलुकत होते. त्याने बटण दाबलं आणि धावत जाऊन कपाटाचं दार उघडलं. गरम वाफेचा लोट तोंडावर आला. त्याने पहिल्या ट्रेवर हात ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. मग खालच्या. कुठेच काही हललं नाही. ओली पिल्लं टरफलांतून अर्धी बाहेर येऊन तशीच पडली होती. त्याला रडू फुटलं. आपण रडताना आवाज होतोय की नाही, हेही त्याला कळत नव्हतं.

राहीबाई मागे उभी होती. “पर तुमी तर जागंच हुता. तिकडंच बघत बसला हुता की,” ती म्हणाली. रंभाजी तिच्या ओठांकडे बघत होता. तिने ते बघणं पाहिलं, आणि त्याला हाक मारून ती दमली होती असे कितीतरी दिवस तिला आठवले असावेत. तिने पदर तोंडाला लावला.

निरोप मिळताच रंगनाथराव नव्या कपड्यांतच आले. त्यांनी एकेक ट्रे ओढून पाहिला. शेवटच्या ट्रेपाशी त्यांचा हात थांबला.

“काय झालं, रंभाजी?”

माळ खाली जमिनीवर पडली होती. सांगायचं म्हटलं तर दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पण त्यातलं एक मालकांच्या पूजेवर बोट ठेवणारं होतं आणि दुसरं त्याच्या कानांवर.

“डोळा लागला, मालक.”

“आवो भाऊ...” राहीबाई म्हणाली. रंभाजीने तिच्याकडे पाहिलं. ती खाली बसली आणि ट्रेमध्ये एखादं जिवंत आहे का ते चाचपू लागली.

“येवढा आवाज हुता आन् जाग न्हाई आली?”

“न्हाई आली.”

 रंगनाथरावांना संतापापेक्षा वाईटच जास्त वाटत होतं. बोलायचं ते त्यांना त्याच्या तोंडावर बोलवेना. ते पाठमोरे झाले आणि भिंतीकडे बघत काहीतरी म्हणाले.

रंभाजी उभाच राहिला. पाठीवरून त्याला काय वाचता येणार? मालकांना वाटलं, हा माफीची वाट बघतोय. त्यांनी मान हलवली, पण ते वळले नाहीत.

राहीबाई उठली. रंभाजीच्या समोर आली आणि ओठ नीट हलवत, आवाज न काढता म्हणाली, “उद्यापासून येऊ नका, म्हणत्यात.”

दुसऱ्या दिवशी विहाराकडे जाताना तो किल्ल्या द्यायला हॅचरीत गेला. अंगात पांढरा सदरा होता. भागिरथी पांढऱ्या लुगड्यात फाटकापाशी थांबली. खोलीत त्याच्या खुर्चीवर मच्छिंद्र नावाचा नवा माणूस बसला होता आणि सम्राट पेटी उघडून तपासत होता. कुणीतरी माळ उचलून पुन्हा कीबोर्डवर ठेवली होती. सम्राटने माळेकडे पाहिलं, मग रंभाजीकडे, आणि त्याच्या सगळं ध्यानात आलं. तो रंभाजीला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

“मामा, मी सांगतो मालकांना. आत्ता सांगतो.”

“नगं. भैरा मानूस बसवला हे तुमाला ठावं हुतं, असं व्हईल. तुमची बी कामं जातील.” रंभाजीने खिशातून किल्ल्या काढल्या. “आन् झोपाळू म्हनल्यावर मला दुसरीकडं कोनीतरी ठेवंल. भैरा म्हनल्यावर कोन ठेवनार?”



रंभाजी आत गेला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग दोन्ही हातांनी माळ उचलली आणि पेटीवर ठेवून वायरीखाली नीट अडकवली, पुन्हा घसरू नये म्हणून. कोपऱ्यातले तिन्ही दिवे मोकळे झाले.

“हितं काय ठेवू नका. दिवं दिसलं पायजेत,” तो मच्छिंद्रला म्हणाला.

मच्छिंद्र हसला. “आवाज येतोच की. दिव्याचं काय घेऊन बसलाय?”

रंभाजीने ते वाचलं. “व्हय,” म्हणाला, “आवाज येतो.”

तो बाहेर पडला. फाटकापाशी भागिरथी काहीतरी बोलत होती. ऊन नेमकं त्याच्या डोळ्यांवर येत होतं आणि तिचा चेहरा नुसता काळा दिसत होता. सवयीने त्याची मान डोलायला लागली होती. ती त्याने थांबवली.

“ऐकू आलं न्हाई,” तो म्हणाला. या आवारात त्याने हे शब्द कधी उच्चारले नव्हते. ते किती मोठ्याने निघाले, हे त्याला कळलं नाही, पण व्हरांड्यात उभी असलेली माणसं वळून बघू लागली. भागिरथी जवळ आली, त्याच्या दंडाला धरून तिने त्याला सावलीत घेतलं आणि तेच पुन्हा सांगितलं.