ढिली पडणारी दोरी

मित्रांनो, मी एक जुना साग आहे. आज आडवा पडलो आहे, पण ऐका, ही हकिगत मी उभा होतो तेव्हाची.

धरण बांधले तेव्हा पाणी जिथवर येणार तिथे झाडांवर लाल पट्टे ओढले गेले. पट्ट्याखालची झाडे तोडली. मी पट्ट्याच्या वर, वनरक्षकाच्या खोलीपाशी होतो. "तू सुटलास रे गड्या!" म्हणत त्याने माझी पाठ थोपटली. देवाची कृपा, असे मलाही वाटले.

पाणी पट्ट्याखालीच थांबले. पण जमिनीखाली त्याला कोण अडवणार? ते मातीतून मुकाट वर सरकले. मुळांनाही श्वास लागतो हो! माझी मुळे गुदमरली, कुजू लागली. उतारावरची झाडे उभ्या उभ्या वाळली, वेली गळून पडल्या. माझी पाने पिवळी झाली. वनरक्षकाला वाटले, मला तहान लागली आहे. तो मायेने रोज बादल्या ओतू लागला. बुडणाऱ्याला पाणी! मी सांगणार तरी कसे?

हळूहळू मी खोलीकडे कलू लागलो. खिडकीशी त्याच्या तान्ह्या लेकीचा पाळणा होता.

त्याची बायको माझ्या खोडापासून खोलीच्या खांबापर्यंत दोरी बांधून कपडे वाळत घाली. दोरी रोज ढिली पडे, ओले कपडे मातीला टेकत.

"अहो, तुमची गाठ म्हणजे तुमचा शब्द! एक दिवस टिकेल तर शपथ."

"कालच आवळली होती गं. तुझ्या चादरीच जड."

शेवटी त्याने चिडून तार पिळून बांधली. दुसऱ्या दिवशी तारही लोंबली. वारा सुटला होता. ती धुणे घेऊन आली आणि थबकली. गाठ जशीच्या तशी. मग तिने मान वर केली.

"अहो, गाठ नाही सुटत, झाड येतंय! बाळ!"

ती आत धावली. माझे एक मूळ तटकन तुटले. देवा, लेकरू बाहेर येईपर्यंत मला धरून ठेव, असा मी धावा केला. दुसरे तुटले. तिने उंबरा ओलांडला आणि मी कोसळलो. पाळण्याचा चुरा झाला. रिकाम्या पाळण्याचा.

मित्रांनो, पाण्याची हद्द आखताना मुळांनाही विचारा. पान पिवळे दिसले तर बादली उचलण्याआधी मूठभर माती हातात घेऊन पाहा.

माझी कुजलेली, ओली मुळे उघडी पडली तेव्हा वनरक्षकाला सारे उमगले. त्यांची खोली आता टेकाडावर आहे. ती माउली मात्र रोज इथे उतरते. माझ्या शेजारच्या सागापासून जुन्या खांबापर्यंत तिने दोरी ताणली आहे, कपड्यांसाठी नव्हे. ती नुसते बोट लावून पाहते.

आज दोरी किंचित लोंबली. तिने हाक मारली. वनरक्षक धावत आला, पण बादली घेऊन नव्हे. पाण्याला वाट काढून द्यायला त्याने फावडे आणले होते.