ताईच्या डब्यातला मका

धाकटीने प्रयोगशाळेत कितीतरी वर्षं खपून कागदाची एक पट्टी तयार केली होती. पट्टीवर वाळवून ठेवलेले जिवाणू होते. जात अगदी निरुपद्रवी. पण धाकटीने त्यांच्यात असा बदल केला होता, की बुरशीचं विष भेटलं की ते निळे पडायचे. चिमूटभर पीठ पाण्यात कालवायचं, पट्टी बुडवायची आणि खिशात उबेला ठेवायची. यंत्र नको, वीज नको.

ती पट्ट्या घेऊन थेट ताईकडे गेली. भावोजींनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, तरी त्यांचं यकृत कामातून गेलं होतं. धाकटीला संशय होता बुरशी लागलेल्या मक्याचा.

ताईने पिठाचा डबा पुढे सरकवला. "बघ बाई, तुझे किडे काय म्हणतात ते."

पट्टी गर्द निळी झाली. ताईने घाईघाईने शेजारणींकडून वाटी वाटी पीठ मागून आणलं. त्याही पट्ट्या निळ्या. धाकटी तडक दुकानात गेली.

"पुरात पिकं गेली तेव्हापासून सगळ्यांना ह्याच गोदामातला मका येतो," दुकानदार म्हणाला. "नको असेल तर बाजूला व्हा, मागे रांग आहे."

घरी ताई वाटच पाहत होती. "उकळून घेतलं तर?"

"शिजवून जात नाही ते."

"मग निवडून?"

"थोडं कमी होईल."

"मग काय केलंस गं तू?" ताईचा आवाज चिरकला. "आधी निदान घास तरी सुखाने उतरत होता."

"तिला कशाला बोलतेस?" खाटेवरून भावोजी म्हणाले. "तिच्या किड्यांनी काम चोख केलंय. आपलंच नशीब निळं."

कोणी हसलं नाही. दोघी बहिणी घरातला न दळलेला मका घेऊन बसल्या, काळे, सुरकुतलेले दाणे वेचून टाकत राहिल्या. उरलेल्यातले थोडे दाणे कुटून पट्टी बुडवली, तीही निळीच झाली, जरा फिकी. ताईने ती पाहिली, दाणे दळले आणि चुलीवर पाणी ठेवलं. धाकटीही ताई, भावोजी आणि पोरांबरोबर जेवली.

थंडी पडायच्या आत भावोजी गेले. धाकटी पट्ट्या पाठवत राहिली. मग एक दिवस ताईचा फोन आला.

"आता पाठवू नकोस. पोरं रंग बघतात आणि ताटावरून उठून जातात. दुसरं काय वाढू मी त्यांना?"